मशीन आलं आणि माझी शंका बदलली

स्ट्रेस टेस्टचं मशीन क्लिनिकमध्ये आलं त्या दिवशी मी खरंच खूष होते. ट्रेडमिल, शेजारी मॉनिटर, छातीला लावायच्या वायरींचा गुंता, सगळं नवं कोरं. एमडी झाल्यावर बरीच वर्षं मी दुसऱ्यांच्या हॉस्पिटलात पगारावर काम केलं आणि मग स्वतःचं क्लिनिक टाकलं, तेव्हापासून छातीत दुखतंय म्हणून येणाऱ्या पेशंटला टेस्टसाठी बाहेर पाठवावं लागायचं, त्यातले काही परत यायचेच नाहीत, काही रिपोर्ट घेऊन तिसऱ्याच डॉक्टरकडे जायचे, आणि एक गृहस्थ टेस्टची तारीख आठवड्यानंतरची मिळाली म्हणून थांबले तर मधल्या दिवसांत त्यांना अटॅक आला. वाचले ते, पण मला कितीतरी दिवस झोप लागली नाही. तेव्हा मशीन घ्यायचं ठरवलं ते पेशंटसाठीच. लोन काढलं, ४८ हप्ते. हे आधीच सांगते कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की मी पैशाच्या मागे लागून मशीन घेतलं, तर तसं नव्हतं, आणि तसं नसूनही जे झालं तेच मला सांगायचंय.

साधारण वर्षभराने एक बाई आल्या. चाळिशीच्या आतबाहेर. घरात नुकताच एक मृत्यू झालेला, तोही हार्टचाच. छातीत डाव्या बाजूला दुखतं म्हणाल्या आणि दुखरी जागा एका बोटाने दाखवली. टोचल्यासारखं दुखायचं, तासन्‌तास, दाबलं की जास्त, चालण्याशी जिन्याशी काही संबंध नाही. मेडिकलच्या तिसऱ्या वर्षातला मुलगासुद्धा सांगेल की हे अँजायना, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडल्याने होणारं दुखणं, वाटत नाही. हार्टचं दुखणं माणूस सहसा एका बोटाने दाखवत नाही, मूठ किंवा तळवा ठेवतो. मलाही तसंच वाटलं आणि मी त्यांना तसं सांगितलंही, की काही नसावं, आणि त्याला जोडूनच म्हणाले, "पण मनात शंका नको, एक स्ट्रेस टेस्ट करून टाकू."

ही टेस्ट म्हणजे ट्रेडमिलवर चालायचं, ईसीजी चालू असतो, दर ३ मिनिटांनी स्पीड आणि चढ वाढतो. रॉबर्ट ब्रूस या अमेरिकन कार्डिऑलॉजिस्टने बसवलेली ही पद्धत १९६३ पासून जवळजवळ तशीच चाललीय, पहिली पायरी ताशी पावणेतीन किलोमीटरच्या आसपास आणि १० टक्के चढ. बाई तिसऱ्या पायरीवर पोचल्या आणि ईसीजीच्या रेघेतला एसटी सेगमेंट नावाचा भाग खाली गेला, एक मिलिमीटरपेक्षा थोडा जास्त, ही हृदयाला रक्त कमी पडत असल्याची खूण धरतात. बायकांमध्ये असं खोटं खाली जाणं जास्त दिसतं हे मला माहीत होतं, तरी कागदावर पॉझिटिव्ह आलेलं मी कसं सोडणार, पुढे पाठवलं, अँजिओग्राफी झाली, तिन्ही रक्तवाहिन्या स्वच्छ. मनगटातून केली होती, तिथे रक्त साकळलं आणि कोपरापर्यंत हात काळानिळा झाला, तो दोनेक आठवड्यांत उतरला. मी देवाचे आभार मानले आणि फाइल बंद केली.

तीन महिन्यांनी त्या दुसऱ्याच कशासाठी तरी आल्या. क्लिनिक दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट बंद होती, तर खालून नवऱ्याने फोन केला की मॅडम, हिला वर येता येणार नाही. मी खाली गेले. तेव्हा कळलं की बाईंनी जिना चढणं सोडलंय, पाण्याची बादलीसुद्धा उचलत नाहीत, रात्री स्वतःच्या मनगटावर बोटं ठेवून नाडी बघत पडून राहतात. मी म्हटलं, अहो, अँजिओग्राफी नॉर्मल आहे ना तुमची? तर म्हणाल्या, "हो मॅडम, पण मशीनने काहीतरी दाखवलं होतंच ना."

त्या रात्री मला "करून टाकू" हा शब्द सारखा आठवत राहिला. मशीन नव्हतं तेव्हा मी काय म्हणायचे? "पाठवू का, गरज आहे का, विचार करते" असं म्हणायचे. पाठवायला चिठ्ठी लिहावी लागायची, पेशंटला अर्धा दिवस मोडावा लागायचा, म्हणून माझं मन आधी थोडं थांबायचं. आता मशीन पलीकडच्या खोलीत, टेक्निशियन रिकामा बसलेला, आणि माझ्या तोंडात पाठवू जाऊन टाकू आलं होतं. मला कळलंच नव्हतं कधी आलं ते.

मग मी जुने केस पेपर काढले. मशीन यायच्या आधीचे ६ महिने आणि नंतरचे ६ महिने, छातीत दुखण्याची तक्रार असलेले तेवढेच. रिसेप्शनवरच्या मुलीने वेगळे काढून दिले आणि मी रोज ओपीडी संपल्यावर दहा-पंधरा वाचायचे. टेस्टचा रिझल्ट जिथे लिहिलेला असतो त्यावर आधी कोऱ्या कागदाची पट्टी ठेवायचे, मग फक्त हिस्टरी, म्हणजे पेशंटने सांगितलेली हकीकत, वाचायची आणि ठरवायचं की हा पेशंट आज आला असता तर हार्टचं दुखणं असण्याची शक्यता किती म्हणाले असते. छातीच्या मध्ये दुखतं का, श्रमाने दुखतं का, थांबल्यावर काही मिनिटांत कमी होतं का, हे तीन प्रश्न, अधिक वय आणि स्त्री की पुरुष. डायमंड आणि फॉरेस्टर या दोन डॉक्टरांनी १९७९ मध्ये याच गोष्टींवरून शक्यतेचा तक्ता मांडला होता, आजच्या काळात त्यातले आकडे जास्त निघतात पण विचार तोच आहे.

सहा आठवडे लागले. छातीत दुखणारे पेशंट दोन्ही वेळा साधारण तेवढेच होते. टेस्ट मात्र नंतरच्या ६ महिन्यांत दुपटीकडे गेलेल्या, आणि वाढलेल्या जवळपास सगळ्या टेस्ट ज्यांची शक्यता कमी होती त्यांच्यावर केलेल्या. मी हेही तपासलं की हप्त्याची तारीख जवळ आली की टेस्ट वाढतात का, हे तपासताना हात थरथरत होता, खोटं कशाला बोलू. तसं काही निघालं नाही. महिनाभर सारख्याच वाढलेल्या. हप्त्याशी जुळलं असतं तर गोष्ट सोपी झाली असती, लोभ म्हणून नाव ठेवता आलं असतं आणि शपथ घेऊन सोडून देता आला असता. पण मी एकाही पेपरवर खोटं लिहिलं नव्हतं. जिथे "शंका आहे" लिहिलं होतं तिथे मला त्या वेळी खरोखरच शंका वाटली होती. पैशाने माझा प्रामाणिकपणा नाही विकत घेतला, त्याने मला कशाची शंका यावी हेच बदललं. आणि शंका तर मनात येते, तिच्याकडे बघून ती कुठून आली हे कसं ओळखायचं?

कमी शक्यतेच्या माणसाला टेस्ट केली तर बिघडतं काय, हे मला मित्रमंडळी विचारतात, डॉक्टरसुद्धा विचारतात. हिशोब करून बघा. या टेस्टवरचे जवळजवळ दीडशे अभ्यास एकत्र करून १९८९ मध्ये जो सरासरी आकडा काढला गेला तो असा की आजार असलेल्या १०० जणांत टेस्ट ६८ जणांना पकडते आणि आजार नसलेल्या १०० जणांत ७७ जणांना बरोबर सोडते. आता समजा कमी शक्यतेचे १००० लोक आहेत आणि त्यातल्या ३० जणांनाच खरा आजार आहे. टेस्ट त्या ३० पैकी २० पकडेल. उरलेल्या ९७० पैकी २३ टक्के, म्हणजे २२३ लोकांना ती उगाचच पॉझिटिव्ह म्हणेल. म्हणजे २४३ जणांच्या हातात पॉझिटिव्ह कागद आणि त्यातला आजार खरा फक्त २० जणांचा. तीच टेस्ट, तेच मशीन, पण ज्याची शक्यता अर्धीअधिक आहे त्याच्यावर केली तर पॉझिटिव्हला चांगला अर्थ येतो. थॉमस बेज या इंग्रज गणितज्ञाचं शक्यतेचं गणित हेच सांगतं, ते छापून आलं १७६३ मध्ये, आणि आम्ही ते परीक्षेपुरतं पाठ करतो आणि मशीन दिसलं की विसरतो.

या सगळ्या काळात मी खूप वाचत होते, अर्थशास्त्र पण आणि तत्त्वज्ञान पण. केनेथ अ‍ॅरो नावाच्या अर्थतज्ज्ञाचा वैद्यकीय सेवेवरचा निबंध वाचला, तोही १९६३ चाच. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की इथे गिऱ्हाइकाला माल पारखता येत नाही, काय हवंय हेही विकणाराच सांगतो, म्हणून हा बाजार विश्वासावर उभा असतो आणि डॉक्टरने स्वतःच्या नफ्याकडे बघून वागू नये अशी समाजाची अपेक्षा त्याच्या कामातच धरलेली असते. आणि मिल्टन रोमर हा सार्वजनिक आरोग्याचा अभ्यासक, त्याने १९६० च्या आसपास हॉस्पिटलांचा अभ्यास करून दाखवलं की बेड वाढले की भरतात. मला वाचताना वाटत होतं की हा माझ्या पलीकडच्या खोलीबद्दल बोलतोय.

प्लेटोच्या रिपब्लिकमध्ये पहिल्याच भागात सॉक्रेटिस विचारतो की खरा वैद्य हा पैसे कमावणारा की आजाऱ्याला बरं करणारा, आणि उत्तर असं निघतं की बरं करणं ही एक कला आणि कमावणं ही वेगळी कला, वैद्य दुसरी कला सोबत वापरतो एवढंच. वाचायला फार छान वाटतं. पण माझा अनुभव असा आहे की त्या दोन कला दोन खोल्यांत राहत नाहीत, त्या एकाच डोक्यात एकाच क्षणी असतात आणि एक बोलते तेव्हा आवाज दुसरीचा वाटतो. त्यापेक्षा चरकसंहिता मला जास्त जवळची वाटली, तिथे सरळ म्हटलंय की जो चिकित्सेचा माल करून विकतो तो सोन्याची रास सोडून धुळीची रास घेतो. यात धमकी नाही, पाप लागेल असं काही नाही, तुझ्या हातातून काय जातंय ते बघ म्हणून सांगितलंय. माझ्या हातातून ते मधलं थांबणं गेलं होतं.

आता धंद्याबद्दल, कारण धंदा वाईट आणि सेवा चांगली असं म्हणून मोकळं होणाऱ्यांतली मी नाही. क्लिनिकमध्ये चार माणसं पगारावर आहेत, त्यांची घरं त्यावर चालतात. मशीनचा मेंटेनन्स आहे, भाडं आहे. माझा सीए दर तीन महिन्यांनी विचारतो, मॅडम मशीनचं युटिलायझेशन किती, आणि तो त्याचं काम करतोय. इन्सुलिनचं उदाहरण सगळे देतात की ते शोधणाऱ्या बँटिंगने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्याचं पेटंट १९२३ मध्ये टोरोंटो विद्यापीठाला एकेका डॉलरला दिलं, हे खरंच आहे आणि ते आठवलं की मन भरून येतं. पण विद्यापीठाला एवढं इन्सुलिन स्वतःला बनवता येईना, एलाय लिली कंपनीबरोबर करार करावा लागला तेव्हा कुठे ते पुरेसं बनायला लागलं. दानत होती आणि कारखाना होता, दोन्ही होतं म्हणून मुलं जगली. मला स्वतःला धंद्यानेच एक फार चांगली गोष्ट शिकवली, फॉलोअपचं रजिस्टर. ठरलेल्या तारखेला न आलेल्या बीपी-शुगरच्या पेशंटला दुसऱ्या दिवशी फोन करायचा, हे मी एका दुकानदार पेशंटच्या उधारीच्या वहीवरून घेतलं, आणि त्याने जेवढ्या लोकांचं भलं झालं तेवढं त्या ट्रेडमिलने झालं नसेल.

पगार घेतला की डॉक्टर शुद्ध राहतो असंही नाही. मी पगारावर होते तेव्हा टेस्ट कमी लिहायचे हे खरं, पण दुपारी दोन वाजले की अवघड पेशंट "वॉर्डात दाखवा" म्हणून ढकलायचे, कारण त्याला दिलेल्या वेळाचं मला काहीच मिळत नव्हतं. डोक्यामागे ठरावीक रक्कम मिळते अशा व्यवस्थेत उलट ओढ असते, जेवढं कमी कराल तेवढं उरतं. पैसे कुठल्याही रीतीने द्या, ती रीत डॉक्टरच्या नजरेला कुठेतरी थोडी वाकवतेच. कुठे वाकवतेय ते स्वतःचं स्वतःला माहीत हवं एवढंच माझं म्हणणं.

पेपर वाचून झाल्यावर मी काही गोष्टी बदलल्या. टेस्ट लिहायच्या आधी पेपरवर पेनाने दोन ओळी लिहायच्या: शक्यता कमी, मध्यम की जास्त, आणि रिपोर्ट असा आला तर काय करणार, तसा आला तर काय करणार. दोन्हीचं उत्तर एकच येत असेल तर टेस्ट नाही. जास्त शक्यता असेल तर थेट कार्डिऑलॉजिस्टकडे, कारण निगेटिव्ह आलं तरी मी निर्धास्त होणार नाही. उरले मधले, मशीन त्यांच्यासाठी. दुसरं, एका फिजिशियन मैत्रिणीशी ठरवलं की महिन्यातून एकदा एकमेकींचे १० पेपर नावं आणि रिझल्ट झाकून वाचायचे. ती फार कडक आहे आणि माझ्या अक्षरावरही बोलते, पण तिच्या भीतीने मी हिस्टरी नीट लिहायला लागले. तिसरं म्हणजे बोलण्याचा वेळ वाढवला आणि तपासणी फी वाढवली, ज्यांना झेपत नाही त्यांच्यासाठी आहे तीच ठेवली. यावर काही लोक नाराज झाले, नुसतं बोलायचे एवढे पैसे असं तोंडावर म्हणाले. कागदाचे पैसे द्यायला कुणाला काही वाटत नाही, विचाराचे द्यायला जड जातं, आणि याला लोक जबाबदार नाहीत, आम्हीच त्यांना वर्षानुवर्षं कागद देत आलोय.

एका काकांना मी टेस्टची गरज नाही म्हटलं तर ते दुसरीकडून करून आले आणि नॉर्मल रिपोर्ट दाखवून म्हणाले, आता झोप लागली. मला वाईट वाटलं, माझ्या अर्ध्या तासाच्या बोलण्याने जे झालं नाही ते एका कागदाने केलं. पण दोन महिन्यांनी ते तीच तक्रार घेऊन परत आले. याच विषयावर २०१३ मध्ये १४ अभ्यास एकत्र करून पाहिलं गेलंय, आजाराची शक्यता कमी असताना केलेल्या टेस्टने माणसाची काळजी फारशी कमी होत नाही.

आता ज्याने मला सगळ्यात जास्त शिकवलं ते सांगते. नवी पद्धत सुरू झाल्यावर एका गृहस्थांच्या पेपरवर मी "शक्यता कमी" लिहिलं. जळजळ होते म्हणाले, चालताना काही होत नाही म्हणाले. चार महिन्यांनी त्यांची अँजिओप्लास्टी झाली. ते मला काहीच बोलले नाहीत, उलट त्यांनीच माझी समजूत घातली. मी पेपर काढून पुन्हा पुन्हा वाचला, मैत्रिणीला दाखवला, आणि शेवटी त्यांनाच विचारलं की तेव्हा चालताना खरंच काही होत नव्हतं? तर म्हणाले, "चालत कुठे होतो मॅडम मी, सकाळचं फिरणं सोडूनच दिलं होतं, दमायला व्हायचं म्हणून." माझा प्रश्न बरोबर होता, त्यांचं उत्तरही खरं होतं, आणि तरी दोघं चुकलो. मला वाटलं होतं मशीन कमी वापरलं की मी चांगली डॉक्टर झाले, पण मशीनच्या जागी मी तीन ठरलेले प्रश्नच ठेवले होते, तेही एक प्रकारे मशीनच. अ‍ॅरिस्टॉटल, जो स्वतः वैद्याचा मुलगा होता, तो म्हणतो की वैद्य "माणसाला" बरं करत नाही, कॅलियसला किंवा सॉक्रेटिसला, म्हणजे समोरच्या एका ठरावीक माणसाला, बरं करतो. या गृहस्थांना मी माणूस म्हणून तपासलं होतं, त्यांना स्वतःला नाही. तेव्हापासून मी पहिला प्रश्न बदलला. चालल्यावर दुखतं का हे नंतर, आधी विचारते, हल्ली काय काय करायचं सोडलंय? या प्रश्नाचं उत्तर यायला वेळ लागतो, माणूस आधी नाही नाही म्हणतो, मग बरोबर आलेली बायको किंवा मुलगा बोलतो, मग तो गप्प होतो आणि मग सांगतो.

हप्ते मागच्या महिन्यात संपले. कंपनीचा माणूस लगेच येऊन गेला, जुनं देऊन नवं मॉडेल घ्या म्हणाला, यात रिपोर्ट आपोआप तयार होतो. मी त्याला सांगितलं की गेल्या ६ महिन्यांचे पेपर आधी वाचते मग बोलू. अर्धे वाचून झालेत.

आणि त्या बाई. त्यांना मी बोलावून घेतलं होतं, ते सगळे पेपर वाचून झाल्यावर लगेचच. म्हटलं ती टेस्ट लिहिण्यात माझी चूक झाली, तुमच्या हृदयाची नाही. त्या बघत राहिल्या. मग मी त्यांच्याबरोबर खाली गेले आणि आम्ही दोघी जिना चढलो, दोन मजले, त्या एका हाताने कठडा धरून आणि दुसऱ्या हाताची बोटं स्वतःच्या मनगटावर ठेवून. मधल्या वळणावर थांबल्या. धडधडतंय म्हणाल्या. मी माझा हात पुढे केला, म्हटलं माझी नाडी बघा. त्यांनी बराच वेळ बघितली, आधी माझी, मग स्वतःची, मग परत माझी. "तुमची जास्त पळतेय," म्हणाल्या. वर पोचलो तेव्हा दोघींनाही धाप लागली होती. उतरताना मात्र त्यांनी लिफ्टच घेतली.